अख्तर खानुम आणि आईची आंघोळ

अख्तर खानुम कुणाला 'कशी आहेस' असं विचारत नसत. 'आज गरम पाणी घेतलंस का अंगावर' असं विचारायच्या, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या कोपरांकडे बघत राहायच्या. माणूस किती थकलाय ते तोंडावर नाही, कोपरांवर दिसतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

अमेरिकेत, बेलव्ह्यूला, आमच्या अगदी वरच्या मजल्यावर त्या आपल्या मुलीकडे राहायच्या. मुलगी नसरीन फार्मसिस्ट. खानुम पंच्याहत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, चालताना डावीकडे झुकणाऱ्या. केस मेंदीने लालभडक, मुळाशी बोटभर पांढरे. मनगटं मात्र कुस्तीगिराची. त्यांना इंग्रजीचे पन्नासेक शब्द येत असतील. पण माझ्या लक्षात आलं, की मराठीतले निम्मे घरगुती शब्द त्यांच्या फारसीतलेच आहेत. दरवाजा, साबण, पडदा, आराम, जखम, हौद. एखादा शब्द जुळला की त्या माझ्या पाठीत एक थाप मारायच्या. शब्दांनी भागलं नाही तर नसरीन होतीच.

त्या इराणातल्या काशानच्या. वाळवंटाच्या कडेचं गाव. त्यांची आई तिथल्या हमामात, म्हणजे गावाच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांना आंघोळी घालायची आणि वडील खालची भट्टी सांभाळायचे. खानुमचा जन्मही हमामामागच्याच खोलीत झाला, कारण त्या थंडीत तेवढी एकच खोली उबदार होती. लग्न होईपर्यंत त्या आईच्या हाताखाली होत्या. शिक्षण कुठवर झालं असं विचारलं तर म्हणायच्या, 'पाण्यापर्यंत.'

आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये एक हॉट टब आहे. संध्याकाळी तिथे पाच-सहा माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसतात आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. खानुम पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा पायघोळ झगा घालून, एक तांब्याचा वाडगा आणि सोललेल्या डाळिंबाचा डबा घेऊन गेल्या. सगळ्यांना त्यांनी नावं विचारली. मग आमच्याच बिल्डिंगमधल्या एका धिप्पाड, टकल्या गृहस्थाच्या मागे जाऊन त्याच्या खांद्यावर वाडगाभर गरम पाणी ओतलं. काशानला हमामात शिरल्यावर वडीलधाऱ्या माणसाला असाच नमस्कार करायची पद्धत होती. तो गृहस्थ किंचाळला. मॅनेजरचं पत्र आलं, काचेचे आणि धातूचे डबे आणू नयेत, इतर रहिवाशांना हात लावू नये. नसरीन शरमेने लाल झाली. खानुमना पत्राचं काही वाटलं नाही. गप्पा नसलेली आंघोळ म्हणजे भांडी घासणं, एवढंच त्या म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर महिन्याभरात तोच टकला गृहस्थ त्यांच्यासाठी जागा धरून बसायला लागला होता. बायको गेल्यापासून त्याच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता, हे त्याने मला लिफ्टमध्ये सांगितलं. माझी त्याची ओळखही नव्हती.

बाबा गेल्यावर मी आईला मिरजेहून इकडे आणलं. सहा महिन्यांनी तिला पॅरालिसिसचा झटका आला. सौम्य होता, पण डावा हात आणि पाय कमजोर झाले. आईने मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेलं. तिच्या वर्गात पोरं उभी राहायची ती नीट उभी राहायची. आता तिला उभं करायला मी लागत होते. सकाळी साडेआठला माझी टीमची मीटिंग. त्याआधी आईची आंघोळ उरकायची म्हणून मी टबमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. हात वर, पाय पुढे, डोळे मिट. दहा मिनिटांत झालंच पाहिजे. एकदा ती डोळे मिटूनच म्हणाली, "मी काय गाडी आहे का धुवायला?"

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवसापासून तिने आंघोळीला नकार दिला. नऊ दिवस. माझ्या नवऱ्यासमोर, म्हणजे निखिलसमोर, मी तिच्यावर ओरडले आणि तिने पदराने तोंड पुसलं.

त्याच आठवड्यात बिल्डिंगखालच्या बाकावर बसलेल्या आईची कोपरं खानुमनी पाहिली असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कापडाचं एक गाठोडं घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. गाठोड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बोग्चे." आई खुर्चीतून म्हणाली, "बोचकं." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा आई ओठांच्या दोन्ही बाजूंनी हसली.

त्या दिवशी खानुमनी काय केलं ते मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पाहत होते. आधी त्यांनी बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावून घेतलं, एक्झॉस्ट फॅन बंद केला. आईला आत नेलंच नाही. बेडरूममध्ये बसवून तिचे पाय कोमट पाण्यात ठेवले. पंधरा मिनिटांनी तिला बाहेरच्या पॅसेजमध्ये आणून चादर गुंडाळून बसवलं. बाथरूमची वाफ फटीतून येत होती. आणखी काही वेळाने आत. मी विचारलं, एवढा वेळ कशाला? त्यांनी नसरीनला फोन लावून माझ्या कानाशी धरला. नसरीन कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "ती म्हणतेय, थंडीतून एकदम उष्णतेत नेलं तर शरीर घाबरतं. त्याला वाटेत थांबे द्यावे लागतात."

अंग घासताना हातात घालायच्या खरबरीत लोकरी पिशवीला खानुम कीसे म्हणायच्या. आईने लगेच ओळखलं, खिसा. त्या खिशाने खानुम आईची पाठ वरून खाली लांब हात मारत घासायच्या. मळाच्या वळ्या निघायच्या, पाठ लाल व्हायची. मी एकदा म्हटलं, जरा हळू. त्या हसल्या आणि हळू केलं. आंघोळ झाली की उलट प्रवास, पॅसेज, मग बेडरूम, मग पुदिन्याचं सरबत. दोन-अडीच तास जायचे. आठवड्यातून दोनदा हे चालायचं, मंगळवार सोडून, कारण मंगळवारी खानुमना स्वतःच्या गुडघ्यासाठी दवाखान्यात जावं लागायचं.

आत दोघी बोलायच्या, एक मराठीत, एक फारसीत. एकदा मी टॉवेल द्यायला दाराशी गेले तर आई सांगत होती, माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता आणि तो तिसऱ्या दिवशी गेला. त्याला दूध पाजायला मिळालं नव्हतं, आणि दूध मात्र येत राहिलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खानुम फारसीत काहीतरी म्हणाल्या, बराच वेळ. पाणी ओतल्याचा आवाज आला. मी टॉवेल दाराच्या मुठीला अडकवून परत आले. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला राग आला होता. अनोळखी भाषेतल्या बाईला सांगायचं आणि पोटच्या मुलीला नाही?

एका रविवारी आईने खानुमना विचारलं, तुमचा तो हमाम होता तरी कसा. खानुमनी माझ्या मसुरीच्या डाळीची बरणी घेतली आणि डायनिंग टेबलावर डाळीने भिंती आखायला सुरुवात केली. नसरीन शेजारी बसून अर्थ सांगत होती. हमाम जमिनीच्या वर नव्हता, खाली होता, पायऱ्या उतरून जायचं. पाणी भुयारी कालव्याने डोंगरातून यायचं आणि उतारानेच आपोआप टाकीत पडायचं, वर मातीची ऊब राहायची. दारातून आत गेलं की बोळ, आणि बोळाला दोन वळणं. एका वळणाने ऊब बाहेर जायची नाही, दुसऱ्याने बाहेरची नजर आत यायची नाही. मग आठ कोनांचा दिवाणखाना. मधोमध दगडी हौद, भोवती उंच ओटे, त्यांवर गालिचे. तिथे कपडे उतरवून बोचकी ठेवायची, आणि आंघोळीनंतर तिथेच तासन् तास बसायचं. पुन्हा बोळ, पुन्हा वळण, मग गरमखाना. त्याच्या फरशीखाली पोकळ नळ्या, त्यांतून भट्टीचा धूर फिरायचा, म्हणून जमीन पायाला गरम लागायची. खिडकी एकही नाही. खानुमनी माझ्या सगळ्या वाट्या उपड्या ठेवून घुमट केले. घुमटांत जाड भिंगाच्या काचा बसवलेल्या असायच्या, त्यांतून उन्हाचे खांब वाफेत उतरायचे. कुठला खांब कुठल्या ओट्यावर आला यावरून त्यांची आई वेळ सांगायची. पहाटे वडील छतावर जाऊन शिंग फुंकायचे, म्हणजे पाणी तापलं. आधी पुरुष, ऊन चढलं की बायका.

आणि बायका काय नुसत्या आंघोळीला यायच्या? बाळंतीण चाळिसाव्या दिवशी यायची. नवरी लग्नाच्या आदल्या दिवशी यायची, डफ वाजवत. मुलाच्या आया ओट्यावर बसून मुली हेरायच्या. दोन जावा सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. खानुमच्या आईने दोघींना शेजारी बसवलं, एकीच्या डोक्यावर साबण चोळला आणि पाणी संपलंय असं सांगून निघून गेली. डोळ्यांत साबण गेलेल्या बाईला दुसरीने आपल्या वाडग्यातलं पाणी दिलं. खानुम हे सांगताना दोन्ही जावांचे आवाज काढत होत्या. आई इतकी हसली, की तिचा डावा हातही थोडा उचलला गेला.

मग नसरीनने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. घराघरांत बाथरूम आल्या तसा तो हमाम बंद पडला होता, आणि आता तिथे तिकीट लावून म्युझियम केलं होतं. ओट्यांवर मेणाचे पुतळे. एक मेणाची बाई दुसऱ्या मेणाच्या बाईची पाठ घासत होती. खानुमनी फोन लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. एवढंच म्हणाल्या, "हिने कीसे चुकीच्या हातात घातलंय." आणि डाळ गोळा करायला लागल्या.

आता मला जे सांगायचं आहे त्याला पाच मिनिटंही लागणार नाहीत. घडायलाही तेवढीच लागली होती.

मंगळवारची सकाळ होती. आई खुर्चीतून उठत नव्हती आणि माझी मीटिंग सुरू झाली होती. मी तिचा डावा दंड धरला आणि ओढून उभी केली. ती म्हणाली, "अगं, दुखतंय." मी सोडला नाही. बुधवारी खानुमनी तिला नेहमीसारखी आंघोळ घातली. गुरुवारी घरी येणारी नर्स आली. तिने आईची बाही वर केली आणि थांबली. दंडावर काळेनिळे वळ होते. तिने आईला विचारलं, हे कशाने झालं? आईला इंग्रजी समजत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. नर्सने मला विचारलं.

मी म्हणाले, "वरच्या मजल्यावरच्या बाई तिला आंघोळ घालतात. त्या जरा जोरात घासतात. मी त्यांना सांगितलंय."

तिन्ही वाक्यं सुटी सुटी खरी होती. ती मी फक्त भीतीने बोलले असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यात थोडा त्या टॉवेलच्या दिवसाचा रागही होता.

असं काही दिसलं की सरकारला कळवणं इथे नर्सला बंधनकारक असतं. सोमवारी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसातून एक बाई आल्या. सभ्य होत्या. आमच्याशी बोलल्या, मग वर गेल्या. तासाभराने खाली येऊन त्यांनी मला सांगितलं, की शेजारच्या बाईंनी मान्य केलंय, कधीकधी हात जड पडतो म्हणाल्या, त्या आता येणार नाहीत. काही आठवलं तर फोन करा म्हणून कार्ड दिलं. ते मी फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं. मला वाटलं, दोन दिवसांनी फोन करू, गैरसमज झाला असं सांगू.

नसरीन लिफ्टमध्ये भेटली तेव्हा तिने दुसरीकडे तोंड केलं. फार्मसीत काम करणाऱ्या बाईच्या आईची वृद्धांच्या छळाबद्दल चौकशी झाली, हे आमच्या कॉम्प्लेक्सला कळायला आठवडाही लागला नाही. खानुम हॉट टबवर यायच्या बंद झाल्या. टकल्या गृहस्थाने मला विचारलं, त्या आजारी आहेत का. मी म्हटलं, माहीत नाही.

आई त्या विषयावर एकदाच बोलली. मी तिच्या उशीचा अभ्रा बदलत होते.

"तिचं नाव का घेतलंस?"

मी म्हटलं, "आई, मी नाव नाही घेतलं, मी फक्त..."

"चौतीस वर्षं पोरांची ही वाक्यं ऐकलीत मी," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

त्यानंतर एजन्सीची एक मुलगी येऊन तिचं अंग ओल्या फडक्याने पुसून जायची. चांगली होती बिचारी. आईने तिला कधी विरोध केला नाही, आणि तिच्याशी कधी बोललीही नाही. अडीच महिन्यांनी दुसरा झटका आला आणि आई हॉस्पिटलमध्ये गेली ती परत आली नाही. कार्ड फ्रिजवर होतं. अंत्यविधीला लोक घरी येणार म्हणून मी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

आई जाऊन चाळीसेक दिवस झाले असतील. दुपारी बेल वाजली. दारात खानुम, हातात ते गाठोडं. नसरीन कामावर गेली होती. त्यांनी मला माझे केस दाखवले, म्हणजे माझ्याच केसांची एक न धुतलेली बट उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की त्यांच्याकडे सुतक आपोआप संपत नाही. मोहल्ल्यातलं कुणीतरी मोठं माणूस येतं आणि घरातल्या बायकांना हाताला धरून हमामात नेतं. त्याशिवाय त्यांनी काळे कपडे उतरवायचे नाहीत. इथे मोहल्ला नाही, म्हणून त्याच आल्या.

मी नको म्हणायला हवं होतं. मला तो अधिकार नव्हता. पण मी त्यांना घरात घेतलं. बेडरूममध्ये बसले, मग पॅसेजमध्ये, मग आत टबच्या काठावर डोकं वाकवून. त्या माझे केस धूत होत्या. डोळे मिटलेले असताना मी बोलायला लागले. दंड कुणी धरला, नर्सला काय सांगितलं, का सांगितलं, ते सगळं. मराठीत. इंग्रजीत सांगितलं असतं तर त्यांना थोडंफार कळलं असतं, नसरीनला विचारून पूर्ण कळलं असतं. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मराठीत. त्या अधूनमधून "बले, बले" म्हणत होत्या, आपण 'हो गं' म्हणतो तसं. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि पंच्याने माझे केस घट्ट गुंडाळले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला नसरीनला टेक्सासमध्ये, प्लेनोला नोकरी मिळाली. ती इथून का निघाली हे मी तिला विचारलं नाही. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. खानुमचे विमानात कान दुखायचे, म्हणून दोघी गाडीने जाणार होत्या. सकाळी मी खिडकीतून नसरीनला डिकीत बॅगा भरताना पाहिलं आणि चप्पल न घालताच खाली गेले. तिला मी सगळं इंग्रजीत सांगितलं. या वेळी वाक्यं सुटी नव्हती.

नसरीनने हातातली बॅग खाली ठेवली. म्हणाली, "आईला माहीत होतं. बुधवारीच माहीत होतं. वर येऊन मला म्हणाली, कीसेने चार बोटं उठत नाहीत."

मी विचारलं, मग काउंटीच्या बाईंना का नाही सांगितलं?

"मी सांगणार होते. तिने मला शपथ घातली. तिच्या आईने आयुष्यभर बायकांची अंगं पाहिली, आणि कुणाच्या अंगावर काय आहे ते कधी दाराबाहेर नेलं नाही. शिवाय म्हणाली, त्या मुलीला दोषी धरलं तर म्हातारीला बघणार कोण?" तिने डिकी लावली. "मी तुला माफ केलेलं नाही. आईचं काय ते तिला विचार."

मी गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. खानुम पुढच्या सीटवर बसल्या होत्या. सीटबेल्ट त्यांना गळ्यापाशी काचत होता म्हणून नसरीनने मध्ये एक घडी केलेला नॅपकिन खोचला होता. लाल केसांवरचा रुमाल मागे सरकला होता, तोंड किंचित उघडं होतं, आणि दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते. त्यांना झोप लागली होती.

ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसलेल्या नसरीनने काचेपलीकडून मला विचारलं, उठवू का?

मी मान हलवून नको म्हटलं. म्हातारी बाई, एवढ्या लांबचा प्रवास, झोपू दे, असं काहीतरी बोललेही. गाडी पार्किंगमधून निघाली, गेटशी थांबली आणि उजवीकडे वळून दिसेनाशी झाली. निखिलने नंतर विचारलं, भेट झाली का. मी झाली म्हणाले. त्या झोपलेल्या दिसल्या तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मी त्यालाही अजून सांगितलेलं नाही.